नाव आमचं, मॅच पुण्यात : मोंढ्यातल्या एका शेठला आलेली फुटबॉल फ्रँचायझीची ऑफर

पार्श्वभूमी

हे प्रकरण ऑगस्ट २०२५ ते मार्च २०२६ मधलं आहे, मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावातलं. गाव, माणसं, कंपनी कुणाचंच नाव लिहिणार नाही, दोन-चार बारीक गोष्टी ओळख पटू नये म्हणून बदलल्यात, बाकी जसं झालं तसं. मी इथल्या एका फुटबॉल क्लबचे हिशोब बघतो, पोटापाण्याला जीएसटी आणि इन्कमटॅक्सची कामं करतो, कॉलेजात राइट बॅक खेळायचो, त्यामुळे या सगळ्यात मधे मी होतो.

आपल्याकडं खेळ म्हटलं की कुस्ती, कबड्डी, खो-खो आणि अर्थात क्रिकेट. धाराशिवच्या सारिका काळेला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला तो खो-खोसाठी, बीडचा अविनाश साबळे ऑलिंपिकला गेला तो स्टीपलचेसमध्ये. फुटबॉल मात्र काही मोहल्ल्यांत, छावणीच्या बाजूला, काही शाळा-कॉलेजांत टिकून राहिला. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो आणि हैदराबादचा फुटबॉल एके काळी देशात भारी होता, सय्यद अब्दुल रहीम तिथले, त्यांच्या कोचिंगमध्ये भारतानं १९५१ आणि १९६२ ला एशियाडचं गोल्ड जिंकलं आणि १९५६ च्या ऑलिंपिकला चौथा नंबर काढला. आमच्या मैदानावर येणारे म्हातारे अजून हैदराबाद सिटी पोलीसच्या टीमबद्दल बोलतात, त्यातल्या बऱ्याच जणांनी ती टीम स्वतः पाहिलेली नाही, वडिलांकडून ऐकलीय.

आमचा क्लब साधा. मुरमाचं मैदान, पावसाळ्याचे दोन-तीन महिने सोडले तर गवताचं नाव नाही, मॅचच्या आदल्या दिवशी टँकर मारायचा म्हणजे धुराळा बसतो. पोरं ऑटोवाल्यांची, हमालांची, गॅरेजवाल्यांची, दोन-तीन मास्तरांची. कोच शाळेत पीटीचे सर आहेत, पगार शाळेचा, क्लबकडून एक रुपया घेत नाहीत. आणि क्लबचा मोठा आधार म्हणजे मोंढ्यातले, म्हणजे इथल्या धान्यबाजारातले एक शेठ, बी-बियाणं आणि खताची एजन्सी, वर एका जिनिंगमध्ये भागीदारी. जर्सी, बूट, बाहेरगावच्या स्पर्धेला गाडी, सगळं गेली अकरा वर्षं तेच बघतात. स्वतः कधी खेळले नाहीत पण लहानपणी मैदानाच्या भिंतीवर बसून मॅच बघायचे, ते वेड गेलं नाही.

ऑफर काय होती

ऑगस्टमध्ये पुण्याच्या एका कंपनीची दोन माणसं शेठकडं आली. महाराष्ट्रात नवीन प्रोफेशनल फुटबॉल लीग काढतोय, आठ संघ, आठ शहरं, मराठवाड्याचा एक संघ पाहिजे, मालक तुम्ही व्हा. वर्षाला ४० लाख फ्रँचायझी फी, करार तीन वर्षांचा, खेळाडू-कोच-राहणं-खाणं वेगळं, ते धरून पहिल्या वर्षी साधारण ७० लाख. टोकन ५ लाख. बदल्यात स्पॉन्सरशिपच्या सामायिक पैशातून वाटा, मोबाईलवर लाइव्ह मॅच आणि मराठवाड्याचं नाव.

त्यांचं म्हणणं एका वाक्यात असं होतं की जुनी लीग आडवी पडलीय, हीच वेळ आहे. आणि हे खोटं नव्हतं. २०१० मध्ये फुटबॉल महासंघानं आयएमजी-रिलायन्सबरोबर १५ वर्षांचा ७०० कोटींचा करार केला होता, त्याच्यावरच इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल, उभी राहिली, तो करार डिसेंबर २०२५ ला संपणार होता आणि पुढचं काही ठरेना म्हणून जुलैमध्येच सीझन थांबवला. मोठमोठे खेळाडू घरी बसलेले, क्लबांना पगाराचं टेन्शन. शेठनी पेपरात वाचलेलंच होतं. माणसं गेल्यावर मला फोन, "साहेब, असा चान्स परत येतो का हो? बडे लोक थांबल्यात, आपण उतरायचं का?"

मला खरं सांगायचं तर त्या रात्री झोप नीट लागली नाही. मराठवाडा नावाची टीम, टीव्हीवर नाही तर मोबाईलवर का होईना, आमच्या मैदानावरचं पोरगं त्यात खेळतंय, हे डोळ्यासमोर आलं की हिशोब बाजूला राहतो.

प्रश्न नेमका काय

पहिले दोन आठवडे आम्ही चुकीच्याच प्रश्नावर बोललो. शेठच्या बैठकीत रोज संध्याकाळी चहा आणि चर्चा, नवी लीग आयएसएलला टक्कर देईल का? सर म्हणायचे नाही, शेठचा भाचा पुण्यात आयटीत आहे तो फोनवरून म्हणायचा शक्यच नाही मामा, शेठ म्हणायचे का नाही, आयपीएल पण नवीनच होती की. पण एवढ्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर आमच्या हातात नव्हतंच. आम्हाला ठरवायचं होतं ते लहान होतं : ७० लाखातला पैसा कुठं जाणार, तो गेल्यावर या गावात काय उरणार, आणि आमच्या पोरांचं त्यात भलं होणार का नुकसान.

तरी त्या मोठ्या प्रश्नावर घालवलेला वेळ वाया गेला असं मी म्हणणार नाही, कारण त्यातूनच पुढं विचारायचे प्रश्न सापडले. म्हणून तो भाग थोडा सविस्तर लिहितो.

आधी कोण उभं राहिलं, कोण पडलं

कंपनीच्या प्रेझेंटेशनमध्ये अमेरिकेचं उदाहरण होतं. तिथं फुटबॉल म्हणतात तो वेगळा खेळ, हातात बॉल घेऊन पळायचा, पण लीगचा धंदा तोच. १९६० मध्ये एनएफएल नावाच्या जुन्या लीगसमोर एएफएल नावाची नवी लीग निघाली, आठ संघांची, आणि दहा वर्षांत जुन्या लीगला तिला पोटात घ्यावं लागलं. विलीनीकरण १९६६ ला जाहीर झालं, १९७० ला पूर्ण. प्रेझेंटेशन इथंच थांबत होतं. भाच्यानं पुढचं शोधून काढलं. एएफएलचे काही बडे मालक तेलाच्या पैशातले होते, वर्षानुवर्षं तोटा सोसू शकत होते, पहिल्या वर्षापासून टीव्ही कंपनी बरोबर होती आणि १९६५ पासून दुसऱ्या एका टीव्ही कंपनीनं पाच वर्षांचे ३ कोटी ६० लाख डॉलर दिले. त्या पैशाच्या जोरावर त्यांनी जो नेमॅथ नावाचा कॉलेजचा स्टार पोरगा ४ लाख २७ हजार डॉलर मोजून उचलला. म्हणजे पैसा, टीव्ही आणि सहन करायची ताकद तिन्ही एकत्र होतं.

त्याच देशात १९८३ मध्ये यूएसएफएल निघाली. जुनी लीग खेळत नसते त्या वसंत ऋतूत ही मॅच घ्यायची, रिकामा सीझन धरलेला, आणि सुरुवात बरी झाली होती. पण मालकांना घाई झाली, खर्च हाताबाहेर गेला, मग ठरवलं की आता जुन्या लीगच्याच सीझनमध्ये, समोरासमोर. कोर्टात केस टाकली. १९८६ मध्ये ज्युरीनं मान्य केलं की एनएफएलनं मक्तेदारी केली, आणि नुकसानभरपाई दिली १ डॉलर, कायद्यानं तिप्पट म्हणून ३ डॉलर. लीग तिथंच संपली. हे ऐकून शेठ बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "रिकाम्या शिवारात पेरलं होतं, ते सोडून दुसऱ्याच्या बांधावर कशाला गेले?"

मला स्वतःला जास्त लागू वाटलं ते आपल्याच घरचं. २००७ मध्ये झी वाल्यांच्या एस्सेल ग्रुपनं इंडियन क्रिकेट लीग काढली, पैसा होता, स्वतःचं चॅनेल होतं, कपिल देव बरोबर होते. फक्त बोर्डाची मान्यता नव्हती. बोर्डानं खेळाडूंवर बंदी घातली, कपिल देवना राष्ट्रीय क्रिकेट अकादमीच्या अध्यक्षपदावरून काढलं, आणि २००८ च्या एप्रिलमध्ये स्वतःची आयपीएल सुरू केली. आयसीएल २००९ नंतर दिसली नाही. अंबाती रायुडू त्या लीगमध्ये गेला होता, २००९ ला बोर्डानं माफी दिली तेव्हा परत आला, आणि भारताकडून पहिली मॅच खेळला २०१३ ला. एवढ्या टॅलेंटच्या पोराला एवढा वेळ लागला. शेठ जे म्हणत होते ना की आयपीएल पण नवीनच होती, तिथंच गोम आहे. आयपीएल बोर्डाचीच होती. नवी आणि बाहेरची असं जिला म्हणता येईल ती आयसीएल.

आणि हाच प्रकार फुटबॉलमध्ये. १२ ऑक्टोबर २०१४ ला कोलकात्यात आयएसएलची पहिली मॅच झाली तेव्हा आय-लीग ही देशाची अधिकृत लीग होती. आयएसएल म्हणजे वर्षातले दोन-अडीच महिन्यांचा तमाशा असं तेव्हा बरेच लोक म्हणायचे. पण महासंघ पहिल्या दिवसापासून तिच्या बाजूला होता, कारण २०१० चा करारच तसा. २०१७ ला बंगळुरू एफसी आय-लीग सोडून इकडं आली, २०१९ ला आयएसएल देशाची पहिली लीग ठरली, २०२० ला मोहन बागान आणि ईस्ट बंगाल दोघंही आले, आणि आय-लीग दुसऱ्या पायरीवर गेली. ज्या आय-लीगमध्ये मिझोरामच्या आयझॉल एफसीसारख्या छोट्या क्लबनं २०१६-१७ ला देशाचं विजेतेपद मारलं होतं ती लीग. मला त्याचं वाईट वाटतं आणि मी ते बैठकीत बोललो पण.

म्हणजे भारतात जुन्या लीगला मागं टाकणारी नवी लीग झालीय, एकदाच नाही, पण चावी दर वेळी संघटनेच्या खिशातून निघालीय. पैसा मोठा असला तरी पुरत नाही. एप्रिल २०२१ मध्ये युरोपातल्या बारा बड्या श्रीमंत क्लबांनी सुपर लीग जाहीर केली, संघटना विरोधात आणि स्वतःचेच पब्लिक रस्त्यावर, तिसऱ्या दिवशी इंग्लंडचे सहाच्या सहा क्लब माघारी.

निर्णय पहिला : टोकन

हे सगळं वाचायच्या आधीच शेठनी ५ लाख टोकन देऊन टाकलं होतं. पोळ्याच्या आधी. "दुसरं कुणी घेईल" म्हणून. आम्हाला नंतर कळलं. पावती होती पण पैसे कधी परत मिळणार, कोणत्या कारणानं मिळणार, त्यावर एक ओळ नव्हती. मोंढ्यात लाखांचे सौदे शब्दावर होतात, शेठची सगळी हयात त्यात गेली, समोरचा पण तसाच असेल असं त्यांनी धरलं. यात त्यांना दोष द्यायचा माझा हेतू नाही, उलट मी त्यांना पहिल्याच फोनवर सांगायला पाहिजे होतं की काही सही करू नका, देऊ नका, आठ दिवस थांबा. मी सांगितलं नाही कारण मी पण हरखलो होतो.

निर्णय दुसरा : प्रश्न लेखी विचारायचे

सप्टेंबरच्या सुरुवातीला सरांनी हट्ट धरला की आता तोंडी काही नको. आम्ही मेल लिहिला. राज्य संघटनेचं मान्यतेचं पत्र आहे का, असेल तर कॉपी पाठवा. खेळाडूंची महासंघाच्या ऑनलाइन सिस्टीममध्ये नोंदणी होणार का. मॅच कुठं होणार. सामायिक स्पॉन्सरशिपचा कोणता करार आज हातात आहे. बाकीचे सात मालक कोण, त्यांनी किती भरलेत. लीग झाली नाही तर टोकनचं काय.

उत्तर बारा दिवसांनी आलं. मान्यता "प्रक्रियेत". स्पॉन्सर "अंतिम टप्प्यात". मालकांची नावं गोपनीय. आणि मॅच सगळ्या पुण्यात, एकाच मैदानावर, पाच आठवड्यांत, खर्च वाचावा म्हणून.

ही शेवटची ओळ वाचून सरांनी चष्मा काढून ठेवला. "म्हणजे शेठ, नाव आपलं आणि आपल्या गावात एक पण मॅच नाही. पोरं बघायला कुठं जाणार?"

माझ्या मते अख्ख्या प्रकरणातला हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे, पैशापेक्षा मोठा. कोल्हापुरात बघा, शाहू स्टेडियमवर पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब यांच्या मॅचला जी गर्दी होते ती कुठल्या जाहिरातीनं आणलेली नाही, तालमीची आहे, पेठेची आहे, बापानं पोराला खांद्यावर बसवून नेलेली आहे. १७ वर्षांखालच्या वर्ल्डकपला २०१७ मध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव तिथलाच. केरळमध्ये २०२४ ला सुपर लीग केरळ निघाली, सहा संघांची, ती राज्य संघटनेला बरोबर घेऊन आणि वेगवेगळ्या शहरांतल्या स्टेडियमांत, मलप्पुरमची मॅच म्हणजे मलप्पुरमची माणसं. आणि उलट बाजूला पुण्याची आयएसएल टीम. २०१४ ला सुरू झाली, बालेवाडीत खेळायची, २०१९ ला बंद पडली, तिची जागा हैदराबादला गेली, हैदराबादनं २०२१-२२ ला कप पण जिंकला, आणि २०२५ मध्ये तो संघ दिल्लीला. जिथं मुळं नाहीत तिथनं संघ उचलून नेता येतो, कोल्हापूरची तालीम कुणी उचलून दिल्लीला नेऊन दाखवावी.

समोरचे पर्याय

सप्टेंबरच्या मधल्या काळात आम्ही कागदावर मांडले तेव्हा चार रस्ते दिसत होते. पूर्ण फ्रँचायझी घ्यायची. मोंढ्यातले अजून चार-पाच जण मिळून घ्यायची, म्हणजे प्रत्येकी १२-१४ लाख, हा रस्ता शेठना सगळ्यात जास्त आवडला होता आणि दोघं तयार पण झाले होते. एक वर्ष थांबून बघायचं, लीग झाली तर पुढच्या सीझनला उतरायचं, फी वाढली तर वाढली. किंवा हा नाद सोडून त्यातला थोडा पैसा इथल्याच मैदानावर आणि जिल्ह्याच्या लीगवर घालायचा. चौथा पर्याय सरांचा, आणि त्याला सुरुवातीला कुणी फारसं मनावर घेतलं नाही, मी पण नाही, कारण त्यात चमक नव्हती.

मी पहिल्या वर्षाचा हिशोब मांडला. जाणार ७० लाख हे पक्कं. येणारं पक्कं म्हणावं असं फक्त जर्सीवरच्या लोकल जाहिराती, मोठ्या ओढाताणीनं ६-७ लाख. तिकीट विक्री नाही कारण घरची मॅचच नाही. सामायिक वाटा म्हणजे नसलेल्या स्पॉन्सरचा वाटा. तीन वर्षं हे असं धरलं तर जिनिंगमधला शेठचा हिस्सा विकावा लागला असता.

आणि मग पाऊस. गेल्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात काय झालं हे इथल्या माणसाला सांगायची गरज नाही, नद्या शेतात शिरल्या, माती खरवडून गेली, सोयाबीन उभ्या उभ्या कुजलं, महिना संपता संपता जायकवाडीचं पाणी गोदावरीकाठच्या गावात. बी-बियाणं आणि खतं इथं बरीचशी उधारीवर जातात आणि दिवाळीला माल आला की वसुली. यंदा माल कुठला आला. शेठची उधारी अडकली, बाकीच्या दोघांनी पाय मागं घेतले, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. एका संध्याकाळी शेठ म्हणाले, "गिऱ्हाईक दारात उभं राहून रडायलंय, आन मी फुटबॉलची टीम घ्यायलोय? नाही जमणार मला."

निर्णय असा झाला. मी लिहिताना स्वतःला बजावतोय की याचं श्रेय आमच्या अभ्यासाला देऊ नये. पाऊस झाला नसता तर भागीदारीत घेतली असती, माझा तरी अंदाज तोच आहे. सगळे प्रश्न विचारून, सगळी उत्तरं वाचून पण शेठचं मन तिकडंच होतं.

निर्णय तिसरा, जो आम्ही घेतलाच नाही

मालकाच्या बाजूनं दोन महिने डोकं लावत होतो तेव्हा त्याच कंपनीची माणसं आमच्या पोरांशी परस्पर बोलत होती. आमचा गोलकीपर आणि आमचा लेफ्ट विंगर, एक २१ चा, एक २०. महिना २५ हजार, चार महिने. विंगरचे वडील ऑटो चालवतात. त्यानं व्हॉट्सॲपवर आलेल्या पीडीएफवर सही करून पाठवून दिली, ना सरांना सांगितलं ना घरी. गोलकीपरनं सरांना विचारलं, म्हणून ते आम्हाला समजलं, तेही दिवाळीच्या आसपास.

करार मी वाचला. तीन वर्षं दुसऱ्या कुठल्या क्लबकडून किंवा स्पर्धेत खेळायचं नाही. पैसे मात्र लीग सुरू झाल्यावर. म्हणजे लीग झालीच नाही तरी पोरगं बांधलेलं. वर मान्यता नसलेल्या स्पर्धेत नोंदणी असलेला खेळाडू खेळला तर संघटना कारवाई करू शकते, ते वेगळंच.

विंगरला समोर बसवलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "सर, तुमी लोक बैठकीत बोलायलेत की मराठवाड्याची टीम होणार. मला वाटलं ते पक्कंय." यावर कुणाकडं उत्तर नव्हतं. सर उठून बाहेर गेले.

ओळखीच्या वकिलाकडून नोटीस पाठवली की एक रुपया न देता खेळाडूला असं अडकवता येत नाही, करार रद्द समजावा. कंपनीनं भांडण केलं नाही, डिसेंबरच्या शेवटी एका ओळीच्या मेलवर सोडलं. पण त्या मधल्या सहा आठवड्यांत पुण्यातल्या एका क्लबची ट्रायल होती, तिला दोघांना पाठवायचं ठरलं होतं, गोलकीपर गेला, विंगरला करारामुळं पाठवता आलं नाही. गोलकीपर आता तिथं आहे, राहणं-खाणं क्लबचं आणि थोडा हातखर्च. विंगर इथं वडिलांची ऑटो दुपारपर्यंत चालवतो आणि संध्याकाळी मैदानावर येतो.

पुढं काय झालं

नवी लीग जानेवारीत होणार होती, मग मार्च झालं, आता पावसाळ्यानंतर म्हणतायत. ५ लाखातले २ लाख डिसेंबरला परत आले, ३ लाख बाकी. मी दर पंधरा दिवसाला मेल टाकतो. त्या माणसांचा हेतू वाईट होता असं मला वाटत नाही, त्यांनी पण स्वतःचे पैसे घातले असणार, पण दुसऱ्याच्या पैशाच्या भरवशावर लीगची तारीख जाहीर करणं हे मला पटत नाही.

आणि आडवी पडलेली जुनी लीग? ऑक्टोबरमध्ये तिच्या नव्या करारासाठी टेंडर काढलं, नोव्हेंबरमध्ये मुदत संपली तरी एक पण बोली आली नाही, म्हणजे अवस्था खरंच तेवढी वाईट होती. तरी १४ फेब्रुवारी २०२६ ला ती सुरू झाली, छोटा सीझन, प्रत्येकाशी एकच मॅच, पण झाली. कोर्ट, क्रीडा मंत्रालय, महासंघ, क्लब, सगळे तिच्या मागं उभे राहिले, कारण क्लबांच्या आशियाई स्पर्धांचा रस्ता तिच्यातून जातो. नवीन लीगचा मालक अडचणीत आला तर त्याच्यासाठी मंत्री बैठक घेत नाही. जुनी लीग कमजोर झाली की तिची जागा रिकामी होते हा आमचा समज होता, तो मोडला.

सरांचा चौथा पर्याय मात्र झाला. शेठनी दिवाळीनंतर स्वतःहून विषय काढला, उधारी अडकलेली असताना पण. साधारण साडेतीन लाखांत जिल्ह्याची लीग, संघटनेची परवानगी घेऊन, सहा संघ, २६ जानेवारीनंतरचे आठ रविवार. दोन संघ तालुक्याचे, त्यातला एक पहिल्यांदाच अकरा जणांचा फुटबॉल खेळला, आजवर सात-सात जणांच्या नाईट टूर्नामेंटच खेळलेले. पहिल्या रविवारी मोजून दीडशे माणूस. फायनलला मैदानाची भिंत पूर्ण भरली, समोरच्या शाळेच्या गच्चीवर पोरं, आणि मक्याच्या कणसाचे तीन गाडे. तालुक्याचा संघ जिंकला, आमचा हरला, आणि ट्रॅक्टरमध्ये बसून आलेली त्यांची माणसं हलगी वाजवत गेली.

ही लीग कुणाला टक्कर वगैरे देणार नाही. खर्च निघाला नाही, लाखभर कमी पडले ते शेठनी घातले. पुढच्या वर्षी ते घालू शकतील का हे यंदाच्या खरिपावर आहे.

परत करायचं झालं तर

टोकन देण्याआधी मान्यतेचं पत्र मागायचं, हे आता कुणीही सांगेल. मला त्याहून जास्त लागतात त्या दोन गोष्टी आहेत.

मॅच कुठं होणार हा प्रश्न आम्ही महिन्याभरानं विचारला, तो पहिल्या दहा मिनिटांत विचारायला पाहिजे होता. संघाच्या नावात गाव आहे म्हणजे मॅच गावात होणार असं आम्ही धरूनच चाललो. लीगच्या ऑफरबद्दल आता कुणी विचारलं तर मी फी नंतर विचारतो, आधी विचारतो घरच्या मैदानावर किती मॅच.

आणि पोरं. बैठकीचं दार उघडं असायचं, पोरं पाणी-चहा आणून द्यायची, सगळं ऐकायची. आमच्यासाठी ती चर्चा होती, त्यांच्यासाठी ती नोकरी होती. पहिल्याच आठवड्यात दोन पोरांना बसवून अर्धा तास बोललो असतो की अजून काही पक्कं नाही, कुठलाही कागद आला तर आधी इकडं दाखवा, तर एक ट्रायल वाचली असती. आता क्लबमध्ये नियम केलाय की १६ च्या वरच्या प्रत्येक पोराला वर्षातनं एकदा करार कसा वाचायचा ते सांगायचं. पहिला वर्ग मी मार्चमध्ये घेतला, त्याच पीडीएफवर, नावं खोडून. विंगर मागच्या बाकावर बसला होता. तीन वर्षांचं कलम आलं तेव्हा त्यानंच उठून बाकीच्यांना समजावून सांगितलं. पुण्याच्या त्या क्लबची पुढची ट्रायल जूनमध्ये आहे, त्याच्या बसचं तिकीट सरांनी आत्ताच काढून ठेवलंय.